माळ्यावरचा नमदा

तोक्तोसून शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा घालायचा. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत गावातली सगळी मुले त्याच्या फावड्याच्या जोरावर उबेत बसत. तो घरी परते तेव्हा त्याची स्वतःची आई विजेच्या शेगडीसमोर शालींच्या गाठोड्यासारखी बसलेली असे. आमच्या आत-बाशीच्या डोंगरी खोऱ्यात दुसऱ्याचे घर तापवणारा माणूस स्वतःच्या घरी गारठतो, यात कोणाला नवल वाटत नाही.

त्याच्या आधीची भावंडे पाळण्यातच गेली होती. म्हणून आईने त्याचे नाव तोक्तोसून ठेवले, म्हणजे ‘आता हे थांबो’. ते थांबले. तो जगला, सामूहिक शेतीच्या अखेरच्या वर्षांत ट्रॅक्टर शिकला, ट्रॅक्टर विकले गेल्यावर फावडे शिकला. त्याची बायको बेगायिम भाकरी भाजून विकायची. घर वडिलांनी बांधलेले, कच्च्या विटांचे. वर सिमेंटचे पत्रे, पत्र्यांखाली माळा आणि माळ्याखाली पातळ फळ्यांचे छत. फळ्यांवर एकेकाळी माती आणि भुसा यांचा जाड थर होता. तो झिजून आता उंदरांच्या उपयोगाचा तेवढा उरला होता.

आई, जिला मुलासकट सगळे आपा म्हणत ती बातमा आपा, न्यूमोनियातून उठली तेव्हापासून तिला कोळशाचा धूर सोसेना. चूल स्वयंपाकघरात होती. तिच्या भिंतीची ऊब मागच्या खोलीपर्यंत येई खरी, पण धूरही येई. तेव्हा मधले दार बंद करून आईच्या खोलीत विजेची शेगडी ठेवावी लागली. आमच्याकडे वीज ठरावीक युनिटांपर्यंत स्वस्त आहे आणि त्यापुढे महाग. त्या घरात स्वस्त वीज महिन्याच्या मध्यावरच संपे. उरलेला महिना तोक्तोसून मीटरकडे पाहायचे टाळून फाटकातून आत शिरे.

एका शरद ऋतूत शहरातून काही लोक आले आणि त्यांनी गावाला समाजघरात बोलावले. त्यांच्याबरोबर एक इंजिनियर मुलगी होती. उष्णता दिसणारा कॅमेरा घेऊन ती आदल्या संध्याकाळी गल्ल्यांतून फिरली होती. तिने पडद्यावर एकेक घर दाखवले. जिथून ऊब बाहेर जाते तो भाग लाल, जिथे टिकते तो निळा. एक घर असे आले की त्याचे छप्पर पेटल्यासारखे दिसत होते.

“हे कुणाचं?” तिने विचारले.

“तोक्तोसूनचं!” मागून कोणी ओरडले. “बघा, आभाळाला शेक देतोय!”

“तरीच म्हटलं, हिवाळ्यात बर्फ त्याच्या छपरावर टिकत का नाही!”

“अरे, वरच्यालाही म्हातारपणी पाय गारठत असतील. पुण्य लागेल त्याला.”

सगळे हसले. तोक्तोसूनही हसला, हातातली टोपी मात्र त्याने उगाच उलटी केली, सुलटी केली.

मुलगी म्हणाली की घरातली बरीचशी ऊब छतातून जाते, आणि माळ्यावर दगडी कापसाचे, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचे, जाड अस्तर घातले तर विजेचे बिल निम्म्यावर येऊ शकते. त्यासाठी कर्जही मिळते. यावर तेमिरकुल आबा उठले. बातमा आपाचे ते धाकटे दीर, गल्लीतल्या पुरुषांत सर्वांत वडीलधारे आणि सर्वांत थट्टेखोर.

“पोरी,” ते म्हणाले, “कर्ज फेडायला आम्ही मेंढी विकणार. मग ती विकायची कशाला? सरळ मेंढीच माळ्यावर चढवली तर?”

हशा ओसरेपर्यंत मुलगी थांबली. मग गंभीरपणे म्हणाली, “आबा, तुम्ही खरंच बरोबर बोललात. लोकर फार चांगलं काम करते. कुणाकडे नमदा असेल तर तोच घाला. फक्त फट ठेवू नका. बोटभर फट राहिली तरी ऊब तिथूनच पळते.”

तोक्तोसूनच्या घरी नमदा होता. आईच्या लग्नात तिच्या माहेरच्या बायकांनी लोकर ओली करून, गुंडाळून, तुडवून केलेल्या नमद्याने मढवलेले, लाकडी जाळीच्या भिंतींचे, तंबूसारखे एक पूर्ण घर होते. उन्हाळ्यात कुरणावर उभारायचे आणि शरदात मोडून आणायचे. मेंढ्या गेल्या, कुरणावर जाणे संपले, पण ते घर संपले नाही. आमच्यात माणूस गेला की त्याला विटांच्या घरात ठेवत नाहीत. अंगणात नमद्याचे घर उभारून त्यात निजवतात, आणि तिथूनच तो शेवटचा बाहेर पडतो. गल्लीत तसे घर एकट्या बातमा आपाकडे उरले होते. त्यामुळे गल्लीतले प्रत्येक मरण तिच्या कोठीच्या दारावरून जाई. तिचा नवराही त्यातूनच गेला होता.

शहरातल्या मुलीचा सल्ला चुकीचा नव्हता. तिने प्रत्येक घर स्वतंत्र धरले होते, एवढेच. पडद्यावर घरे तशीच दिसत होती, काळोखात एकेकटी.

तोक्तोसूनने आईला विचारले. आई लगेच हो म्हणाली. “कोठीत कसर लागण्यापेक्षा वर राहू दे. पण लागेल तेव्हा खाली आलं पाहिजे, एवढं बघ.”

त्याने नमदे अखंडच वाशांवर पसरले. घरात किंचित फरक पडला, फार नाही. नमदा आणि फळ्या यांच्यामध्ये वाशाएवढी पोकळी राहिली होती आणि कडांनी वारा शिरत होता. तरीही ते चालून गेले असते. पण डिसेंबरच्या शेवटी पलीकडच्या घरातला म्हातारा सुतार वारला. त्याची मुले टोप्या काढून फाटकात उभी राहिली. काही मागावे लागले नाही; तोक्तोसूनने शिडी लावली आणि नमदे खाली दिले. सुताराच्या अंगणात घर उभे राहिले. बातमा आपा खिडकीला कपाळ टेकवून पाहत राहिली.

“बघ, अजून कसं ताठ उभं राहतं,” ती सुनेला म्हणाली. “पट्ट्यावरचा लाल रंगसुद्धा उडाला नाही. माझ्या आईनं विणलाय तो. बेगायिम, मला यातूनच न्या. दुसरं काही मागत नाही मी.”

“आपा, कशाला असलं बोलता? चहा घ्या.”

“चहा घेतल्यानं मरण टळतं होय ग?”

नमदे परत येईपर्यंत छत उघडे होते. त्या दिवसांत थंडी अशी पडली की विजेची तार आखडली आणि गल्लीची वीज गेली. बातमा आपाला पुन्हा न्यूमोनिया झाला. जिल्ह्याच्या दवाखान्यातून तिला परत आणले तेव्हा डॉक्टरांनी तोक्तोसूनला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितले की आणखी एक गारठा तिला सोसणार नाही.

हे वाक्य त्याने वसंतभर आणि उन्हाळाभर मनात वागवले. आईच्या अंगावर काय घालावे हा प्रश्न नव्हता, ते सगळे घालून झाले होते. प्रश्न छताचा होता. अखंड नमदा वाशांमध्ये बसत नाही, आणि कापलेला नमदा पुन्हा घर होत नाही. दुसरा नमदा विकत घ्यावा तर तो करणाऱ्या बायका आता पर्यटकांसाठी छोटी आसने करतात. दगडी कापसाचे कर्ज काढावे तर तारण म्हणून गाय दाखवावी लागत होती, आणि गाय दवाखान्याने खाल्ली होती. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्ही आईपाशीच जात होत्या. एक तिच्या जगण्यापाशी, दुसरी तिने मागितलेल्या एकुलत्या एका गोष्टीपाशी.

सप्टेंबरात एका दुपारी तो माळ्यावर चढला. खाली आई पलंगावर पडली होती. फळ्यांच्या सांध्यांतून तिच्या पांघरुणावर जुन्या भुशाची धूळ झडू लागली.

“वर काय चाललंय रे?”

“उंदीर झालेत, आपा. बंदोबस्त करतोय.”

“उंदरांना लोकर कातरायची कात्री कुणी दिली?”

वरचा आवाज थांबला.

“तोक्तो.”

“काय, आपा?”

“कापलास?”

“एक कापलाय.”

म्हातारीने पांघरुणावरची धूळ झटकली. “माझ्या आईचा पट्टा जिथं शिवलाय, ती बाजू तरी सोड.”

“सोडली तर फट राहते, आपा. तिथूनच सगळं जातं.”

“मग मला कुठून नेशील?”

तो वाशावर गुडघे टेकून, हातात कात्री धरून बसून राहिला. मग थोड्या वेळाने कात्री पुन्हा चालू लागली. आईने पुन्हा विचारले नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.

इतका उबदार हिवाळा त्या घराला कधी आठवत नव्हता. कापलेले पट्टे वाशांमध्ये ठासून बसले होते. विजेची शेगडी रात्रीतला बराच वेळ बंद राहू लागली आणि बिल खरोखरच निम्म्याच्या आसपास आले. बातमा आपा शाली काढून नुसत्या जाकिटावर बसू लागली. तोक्तोसूनची शाळकरी मुले अभ्यासाला तिच्याच खोलीत येत. बेगायिम भाकरीचे पीठ फुगवायला तिच्या पायथ्याशी आणून ठेवी.

“मला काय पिठाची राखण करायला ठेवलंय?” म्हातारी कुरकुरे.

“दुसरं कोण आहे, आपा? मुलांना बसवलं तर ती कच्चंच खातात.”

“मग मीही खाते थोडं. मला कोण रागावणार?”

असे हसणे त्या घरात होते. ते खोटे नव्हते. परंतु तोक्तोसून त्या खोलीत फार थांबत नसे. दारात उभा राहून शेगडी बंद आहे ना, एवढे पाही आणि जाई.

बातमी बिलामुळे फुटली. रीडिंग घेणारी साबिरा जानेवारीत आली, मीटरपुढे उभी राहिली आणि तिने भुवया चढवल्या. आमच्यात थोरल्या भावाला बाइके म्हणतात, तशी हाक मारून ती म्हणाली,

“तोक्तोसून बाइके, हे काय? गल्लीतल्या सगळ्यांचं वाढतं आणि तुमचं उतरतं? चुंबक लावलंय की काय मीटरला?”

“चुंबक घ्यायला पैसे असते तर वीजच नसती का घेतली?”

“सगळे असंच म्हणतात. मला वर कळवावं लागेल. बघू द्या वायरी.”

तिच्याबरोबर आलेला वायरमन तारा तपासत माळ्यावर चढला. त्याला वायर चोख सापडली. पण विजेरीचा झोत फिरवता फिरवता तो थांबला आणि वरूनच म्हणाला, “साबिरा, इकडं ये जरा. हे बातमा आपाचं घर आहे. तुकडे केलेत.”

साबिरा शिडीवर अर्धी चढली, पाहिले, आणि खाली उतरून काही न बोलता निघून गेली. वीज चोरली असती तर तिला बोलता आले असते. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळले.

दुसऱ्या दिवशी तेमिरकुल आबा आले. त्यांनी कोट काढला नाही. दारासमोरची मानाची जागा त्यांच्यासाठी मोकळी होती. ते उंबऱ्यापाशीच बसले. यापेक्षा कठोर बोलणे आमच्यात नाही.

“वहिनी, बरं आहे ना? ऊब आहे?”

“आहे. घाम येतो कधी कधी.”

“माझा भाऊ त्या घरातून गेला.”

“मला सांगतोस? मी आत बसून रडत होते.” म्हातारीने दिराकडे रोखून पाहिले. “आणि मेंढी माळ्यावर चढवा, असं कोण म्हणालं होतं?”

“मी थट्टा केली होती.”

“तुझी थट्टा त्याला परवडली. त्या पोरीचं कर्ज नसतं परवडलं.”

आबा तोक्तोसूनकडे वळले. “उद्या गल्लीत कुणी गेलं तर?”

“मशिदीकडं भाड्याचा तंबू आहे, आबा.”

“प्लास्टिकचा.”

“हो.”

“लोखंडी नळ्यांचा. वाऱ्यानं फडफडतो, बाजार भरल्यासारखा.”

“हो, आबा.”

“नुसतं हो हो काय करतोस? भांड तरी!”

“कशावरून भांडू? तुमचं चुकतंय असं मला वाटतच नाही.”

म्हातारा उठला. चहाची वाटी तशीच राहिली. फाटकापर्यंत गेल्यावर तो वळून म्हणाला, “आईला जगवलंस, त्याला नाव ठेवता येत नाही मला. तेच तर दुखतंय.”

बातमा आपा त्या हिवाळ्यातून पार झाली. पुढच्या हिवाळ्यात, बर्फ गुडघ्यापर्यंत असताना, एका सकाळी बेगायिम पीठ घ्यायला खोलीत गेली तेव्हा म्हातारी गेलेली होती. खोली उबदार होती. पीठ फुगून परातीबाहेर आले होते.

आमच्या रीतीत आई गेली की मुलाच्या हाती काही राहत नाही. तो कमरेला पट्टा बांधतो, काठीवर वाकून अंगणात उभा राहतो, आणि येणाऱ्या प्रत्येक जथ्यासमोर मोठ्याने रडतो. बाकी सगळे दुसरे पाहतात. ही दयाळू रीत आहे; दुःखात माणसाला ठरवावे लागू नये म्हणून ती आहे. तोक्तोसून उभा राहिला. मांडव कुठे, जनावर कोणते, कोणाला निरोप, हे तेमिरकुल आबा सांगू लागले.

“मशिदीचा तंबू आणायला गाडी पाठवू?” कोणी विचारले.

“नाही,” आबा म्हणाले. “शिडी आणा. जाळीच्या भिंती कोठीत आहेत. नमदे वर आहेत.”

बेगायिम पुढे आली. तिचे डोके पांढऱ्या रुमालात बांधलेले होते. “आबा, आत मुलं आहेत. लांबचे पाहुणे येतील, ते रात्री कुठं झोपतील? छत उघडं पडलं तर…”

“पाहुणे आम्ही घराघरांत वाटून घेऊ, पोरी. मुलंही घेऊ. पण वहिनीनं एकच मागितलं होतं. मला तरी एकच ठाऊक आहे.”

बेगायिमने नवऱ्याकडे पाहिले. तोक्तोसूनने मान वर केली, तोंड उघडले. तेवढ्यात फाटकातून नातलगांचा जथा हंबरडा फोडत आत शिरला आणि रीतीप्रमाणे त्याला काठीवर वाकून त्यांच्या रडण्यात रडणे मिसळावे लागले. तो जथा आत गेला, त्याने पुन्हा मान वळवली, दुसरा आला. त्याच्या पाठीमागे माळ्यावर पावले वाजत होती. पट्टे ओढून काढल्याचा, फळ्या करकरल्याचा आवाज येत होता. थांबा म्हणायचे होते की आणा म्हणायचे होते, ते कोणाला कळले नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसावे.

बायकांनी शेजारच्या अंगणात पट्टे पसरून जाड लोकरीच्या धाग्याने ते जोडले. बोटे गारठून सुई सुटत होती. लाल पट्ट्याचे तुकडे एकमेकांसमोर नीट आले नाहीत. नक्षीतल्या शिंगाचे टोक एकीकडे, त्याचे मूळ दुसरीकडे. घर उभे राहिले. ते ताठ नव्हते, पण घर होते. बातमा आपाला त्यात बायकांच्या बाजूला निजवले. मृताजवळ आग पेटवत नाहीत. टाक्यांमधून वारा शिरत होता आणि आत बसलेल्या भावकीतल्या लेकी-सुनांच्या विलापात त्याची शीळ ऐकू येत होती. उन्हाळ्याच्या कुरणावर ते घर कसे होते, ते आठवणारे आत बसलेल्यांत कोणी नव्हते.

तिसऱ्या दिवशी ती त्यातूनच गेली.

पुरून परत आल्यावर माणसांनी घर मोडले. नमद्याच्या गुंडाळ्या बांधून झाल्या तेव्हा सगळे क्षणभर थांबले. कुठे न्यायच्या, हे कोणी विचारत नव्हते.

“या आता माझ्या गोठ्यात राहतील,” तेमिरकुल आबा म्हणाले. मग, हळू आवाजात, “परत कापायचे असतील तर आत्ता सांग, तोक्तो. मी अडवणार नाही.”

तोक्तोसून गुंडाळ्यांकडे पाहत राहिला. बायकांच्या हातचे टाके ठसठशीत दिसत होते. आबांनी त्याला पुरेसा वेळ दिला. मग त्यांनी गाडीवाल्याला खूण केली.

चाळीस दिवसांपर्यंत भेटायला लोक येत राहतात. गेलेल्याची खोली बंद ठेवत नाहीत. गुरुवारी मृताच्या नावाने कणीक तेलात तळून तिथे वास दरवळवतात, पाहुण्यांना बसवतात, चहा देतात. त्यामुळे आईच्या खोलीत विजेची शेगडी दिवसभर लावावी लागली, आणि ती ऊब उघड्या छतातून सरळ वर जात राहिली. मुले शाळा सुटल्यावर घरी येईनात. वडिलांच्या बॉयलरच्या खोलीत कोळशाच्या ढिगाऱ्याला टेकून ती अभ्यास करत. बेगायिमचे पीठ फुगेना. तिने एकदा कर्जाचा विषय काढला.

“वसंतात काढू,” तोक्तोसून म्हणाला.

“आणि तोवर?”

त्याने बाहेर पाहिले. बर्फ पडत होता, आणि गल्लीतल्या इतर छपरांवर टिकत होता तसा त्यांच्या छपरावर टिकत नव्हता.

फेब्रुवारीत साबिरा रीडिंग घ्यायला आली. थंडीने तिचे डोळे पाणावले होते. तिने मीटरवरचे आकडे पुसले, वाचले आणि सवयीने म्हणून गेली, “आता कसं! आता सगळ्यांसारखं आलं.”

बोलल्यावर तिच्या लक्षात आले. पेन तसेच हातात राहिले. “बाइके, माझी जीभ जळो. देव तिला चांगली जागा देवो.”

“देवो,” तोक्तोसून म्हणाला. त्याच्या हातात शाळेतून आणलेले फावडे होते. ते त्याने भिंतीला टेकवून ठेवले. “चहा घेऊन जा. कोट मात्र काढू नकोस. आत गार आहे.”